संडासातलं कॅलेंडर

वोर्कुम, ९ सप्टेंबर १९७४

प्रिय बाउके,

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आत एक कागद आहे. त्यावर खाली सही कर आणि परत धाड, म्हणजे हे पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. पण तू सगळं वाचल्याशिवाय सही करणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी तू माझ्या औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस, आणि तोवर माझा खोकला आपोआप थांबायचा.

तर सांगून टाकतो. छापखाना विकायचा ठरवलाय. आईनं तो आपल्या दोघांच्या नावानं ठेवला म्हणून तुझी सही लागते, नाहीतर तुला तसदी दिली नसती.

आई जाऊन नऊ महिने झाले आणि मागणी निम्म्यावर आली. मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. आधी मला वाटलं, हा टेलिव्हिजनचा परिणाम. मग वाटलं चित्रं जुनाट झालीत, म्हणून पवनचक्क्या काढून निळे-तांबडे चौकोन छापले. खप आणखी खाली. आपला अक्षरजुळारी गोसे म्हणतो, माणूस बसल्या बसल्या चौकोनांकडे किती वेळ बघणार! त्याला कलेतलं काही कळत नाही. आता मात्र मी मुळाशी पोचलोय. खोट आपल्या मालातच आहे. वाढदिवसांचं कॅलेंडर, त्यात वार नाहीत, नुसत्या तारखा आणि नावं लिहायला रेघा. आपल्या रिवाजाप्रमाणे एकदा संडासाच्या भिंतीवर टांगलं की वीस वर्षं हलत नाही. इतका टिकाऊ माल विकणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. आजोबांच्या हे लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

सुदैवानं फान ड्रील भेटले. हार्लेमच्या एका कागद कंपनीचे विक्रेते, दर महिन्याला येतात, फार सभ्य गृहस्थ. त्यांच्या कंपनीनं गेल्या वर्षी स्वतःचा छापखाना काढलाय, म्हणजे आपल्या धंद्याची कदर असलेली माणसं. तेच आपली यंत्रं आणि नाव विकत घेतील. गोसे आणि बाकी तिघांना ठेवणार नाहीत, पण ते लोक तसेही कुरकुरेच आहेत. १५ नोव्हेंबरपर्यंत दोघांच्या सह्या हव्यात.

बिचाऱ्या फान ड्रील यांचं पोट मात्र फार नाजूक आहे. कॉफी आणि एक बिस्किट झालं की उठतात आणि अर्धा-अर्धा तास संडासात. मी त्यांना ताकातली बार्लीची लापशी घ्यायला सांगितलीय.

सही कर.

तुझा
वोबे

---

झुट्फेन, १६ सप्टेंबर १९७४

वोबे,

सही केलेली नाही. कागद माझ्या दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवलाय, तिथं तो सुखात आहे.

टेलिव्हिजन, चौकोन आणि आजोबा. तुझ्या तिन्ही आरोपींत एकही असा नाही जो उठून उत्तर देईल. तू स्वतःकडे सोडून सगळीकडे बोट दाखवतोस, हे काही नवीन नाही.

मी नवऱ्याच्या मागे, राइंडर गेल्यापासून तीन वर्षं हे कागद-पेन्सिलींचं दुकान एकटी चालवतेय. त्यातून एक शिकले. 'मागणी' नावाची बया कधीच दुकानात येत नाही. येते ती कोपऱ्यावरची शिक्षिका, येतो तो चर्चचा चिटणीस. शिक्षिका यायची थांबली तर 'मागणी घटली' म्हणत मी घरी बसत नाही. ती रस्त्यात भेटली की विचारते, काय गं, रागावलीस का?

म्हणून मला 'निम्म्यावर' वगैरे सांगू नकोस. कुठल्या दुकानांनी माल घेणं थांबवलं, कोणत्या महिन्यात, ते सांग. नावानिशी. तुला ठाऊक नसेल तर गोसेला विचार. त्याला ठाऊक असेल याची मला खात्री आहे, आणि तू त्याला विचारलेलं नाहीस याचीही.

बाउके

---

वोर्कुम, ७ ऑक्टोबर १९७४

प्रिय बाउके,

तुझ्या पत्रातला सूर मी मोठ्या मनानं गिळला.

गोसेला विचारलं. आगाऊपणानं त्यानं सगळं खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं होतं. म्हणाला, "कुणीतरी विचारेल म्हणून मार्चपासून वाट बघतोय." स्नेकचा यॉर्ना फेब्रुवारीअखेर थांबला. डोकुमचा वीर्डा एप्रिलच्या मध्यावर. यौरेचा गाल्टेमा जूनमध्ये. असे आणखी साठेक. एकानंही भांडण केलं नाही, माल वाईट म्हटलं नाही. फोन केला की म्हणतात, "सध्या पुरेशी आहेत." बघ, याला काही धरबंध आहे का? कुणी हिवाळ्यात, कुणी ऐन उन्हाळ्यात. मी हवामानाशी ताडून पाहिलं. जुळत नाही.

खर्चातही मी पुष्कळ काटछाट केलीय, नाहीतर तू म्हणशील हा स्वस्थ बसला. कार्यालयातली फुलं बंद. गोसेची दुसरी कॉफी बंद. आई ते दुकानदारांना हातानं लिहून कार्डं पाठवायची ना, तेही बंद. आठवड्याला तीन-चार कार्डं आणि वर तिकिटं, कशासाठी? ती माणसं माल विकतात की कार्डं?

शिवाय काही गिऱ्हाइकं अशी पत्रं लिहितात की हसावं की रडावं. या वर्षात नऊ बायकांनी विचारलंय: नवरा गेला, त्याचं नाव कॅलेंडरवरून खोडवत नाही आणि तसंच ठेवलं तर पाहुणे ते वाचून चुकून अभिनंदन करतात, तर गेलेल्या माणसांसाठी एखादं वेगळं पान छापाल का? मेलेल्यांचे वाढदिवस! मी एकीलाही उत्तर दिलेलं नाही.

फान ड्रील परवा येऊन गेले. पोट तसंच. पण केवढा कामसू माणूस! संडासात जातानासुद्धा वही आणि पेन्सिल बरोबर नेतो. मी गोसेला म्हटलं, बघ, याला म्हणतात वेळेचा उपयोग.

१५ नोव्हेंबर लक्षात ठेव.

वोबे

---

झुट्फेन, ११ ऑक्टोबर १९७४

अरे वोबे, अरे वोबे,

आधी जे निकडीचं ते सांगते. हे पत्र हातात असेल तसा ऊठ, छापखान्याच्या संडासात जा आणि आईनं तिथं टांगलेलं कॅलेंडर काढून तिजोरीत ठेव. मग बाकीचं वाच.

काढलंस? बरं.

यॉर्नाचा वाढदिवस १६ फेब्रुवारीला. वीर्डाचा ३ एप्रिलला. गाल्टेमाचा जूनच्या पहिल्या आठवड्यात, तारीख विसरले. मला हे ठाऊक आहे कारण लग्नाआधी बारा वर्षं आईच्या त्या कार्डांची तिकिटं मी जिभेनं चिकटवली. प्रत्येक जण आपापल्या वाढदिवसानंतर दोन आठवड्यांच्या आत थांबलाय. उरलेल्यांचंही तपासून बघ, पण मला आताच दिसतंय. तीस वर्षं वोर्कुमहून कार्ड यायचं, यंदा आलं नाही. कुणी तोंडानं बोलणार नाही. 'तुम्ही माझा वाढदिवस विसरलात' असं कोण म्हणेल? ते आपले म्हणतात, सध्या पुरेशी आहेत.

अख्ख्या देशाला वाढदिवस लक्षात ठेवायची कॅलेंडरं विकतोस आणि आपल्याच दुकानदारांचे विसरलास! हसू येतं रे, पण आतून तुटतं. आईचा धंदा छापायचा नव्हता. छापायला गोसे होता. आईचा धंदा म्हणजे त्या भिंतीवरची एकशेचाळीस नावं.

आणि आता तुझ्या सभ्य गृहस्थाबद्दल. वोबे, वही-पेन्सिल घेऊन दर महिन्याला अर्धा तास तिथं बसणारा माणूस काय लिहीत असेल, असा प्रश्न तुझ्या मनात एकदाही आला नाही? तिथं वाचण्यासारखं दुसरं आहे काय? त्याच्या पोटाला काही झालेलं नाही. तू लापशी स्वतः खा.

त्या नऊ बायकांना उत्तरं लिही. तू ज्याला हसतोस तो चालून आलेला नवा माल आहे. नऊ जणींनी तिकीट लावून विचारलं, म्हणजे नव्वद जणी मनात विचारतायत.

बाउके

---

वोर्कुम, १५ ऑक्टोबर १९७४

प्रिय बाउके,

झुट्फेनला जाऊन तुझं मन फार संशयी झालंय. एकटं राहिल्यानं असं होत असेल.

फान ड्रील यांच्यावर तू जे शिंतोडे उडवलेस त्याबद्दल तुला एक दिवस लाज वाटेल. गेल्या शुक्रवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, ते या महिन्यात दुसऱ्यांदा आले, तेव्हाची गोष्ट ऐक. बाहेर आले ते हातात आईचं कॅलेंडर घेऊन. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "तुमच्या आईंचं अक्षर किती सुंदर. माझी आईही गेल्याच वर्षी गेली. आठवण म्हणून मला हे द्याल का?" मला गलबलून आलं. सख्ख्या मुलीनं त्या अक्षराकडे कधी असं पाहिलं नाही आणि एक परका माणूस रडतोय! मी दिलं. वर तपकिरी कागदात बांधूनही दिलं.

तेव्हा तिजोरीत ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

वाढदिवसांचं तू म्हणतेस ते योगायोगही असू शकतं. खरं सांगू? मी गोसेबरोबर आणखी दहा नावं पडताळून पाहिली, त्याला जेवढ्या तारखा आठवल्या तेवढ्या. दहाही जुळल्या. पण दहा म्हणजे काही फार नव्हेत.

सही पाठव. मला आता या सगळ्याचा कंटाळा आलाय.

वोबे

---

झुट्फेन, ४ नोव्हेंबर १९७४

वोबे,

आज राइंडरचा वाढदिवस. असता तर एकसष्ट वर्षांचा झाला असता.

सकाळपासून मी दुकानाच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. पोस्टमनची वाट बघतेय हे मला दहा वाजता कळलं. राइंडर गेल्यापासून दर वर्षी या दिवशी आईचं पत्र यायचं. 'आज तुझ्या राइंडरचा दिवस. बेकरीतून केक आण आणि एकटीनं खा, कुणाला देऊ नकोस.' इतकंच असायचं. पण त्या पत्रामुळे त्या दिवसाला आधार मिळायचा.

पोस्टमन आला. कार्ड होतं. चकचकीत, वर फुगे. 'माननीय श्री. राइंडर यांस, वाढदिवसाचं हार्दिक अभिनंदन! अशीच अनेक वर्षं आपल्याला लाभोत!' खाली फान ड्रीलची सही, आणि आत त्यांच्या नव्या कॅलेंडरांचं भावपत्रक.

मी ते काउंटरवर ठेवलं आणि गिऱ्हाइकासमोर रडले. मग इतका संताप आला की दुकान बंद करून घरात येऊन हे लिहितेय.

आई गेलेल्यांची नावं खोडत नसे. तुला ठाऊक नव्हतं, त्या चोरालाही नाही. दुकानदार गेला की त्याचं नाव तसंच राहायचं आणि त्या तारखेला ती त्याच्या बायकोला लिहायची. त्या भिंतीवर माझ्या माहितीत अकरा तरी गेलेली माणसं आहेत. ती सगळी दुकानं आता त्यांच्या बायका चालवतात. त्या अकरा घरांत हे फुगे जाणार आहेत.

आता एक कबुली. तुझ्यावर इतकं तोंडसुख घेणारी मी, मी स्वतःही जूनपासून तुझ्याकडून एक कॅलेंडर मागवलेलं नाही. तुझ्या लक्षात आलं नाही, आणि गंमत अशी की माझ्याही नाही. मी स्वतःला सांगत होते, फडताळात जागा नाही. फडताळ रिकामं आहे. माझा वाढदिवस २१ मेला असतो. या वर्षी तुझं पत्र २४ला आलं, आणि त्यात शाई महागल्याची बातमी होती.

मी सही करणार नाही. तुला फान ड्रीलनं फसवलं म्हणून नव्हे. चार माणसांचा रोजगार आहे आणि आईचं नाव आहे, आणि तू अजून काहीही करून पाहिलेलं नाहीस म्हणून. मोपेड काढ. एकेका दुकानात जा. त्यांना त्यांची तारीख तोंडानं विचार. आधी विधवांकडे जा.

जमणार नसेल तर स्पष्ट लिही. मग सही धाडते, आणि आपण दोघं मोकळे.

बाउके

---

वोर्कुम, ८ डिसेंबर १९७४

प्रिय बाउके,

महिनाभर उत्तर नाही म्हणून तू मला बरंच काही म्हटलं असशील. म्हटलंस ते सगळं मान्य.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन आत जाऊन बसलो. समोर भिंतीवर आईचं कॅलेंडर होतं तेवढा चौकोन बाकीच्या रंगाहून स्वच्छ राहिलाय. त्याच्याकडे बघत तासभर बसलो. शेवटी गोसेनं दार ठोकलं, "साहेब, तुमचंही पोट?" म्हणून. दुसऱ्या दिवशी मोपेड काढली.

हे आधीच सांगून ठेवतो की कॅलेंडर देण्यामागे फान ड्रील यांची फजिती करायचा माझा डाव होता असं मी आता गावात सांगतो. तू ते खोडून काढू नकोस. लोकांना पटतंय.

पहिली बोल्स्वर्डची रिनियाबाई. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, आणि आदल्याच दिवशी त्याच्या नावानं फुगे आलेले. मी 'मी छापखान्यातून' एवढंच म्हणालो आणि बाईनं मला पायरीवरून खाली उतरवलं. शेजारची माणसं बाहेर आली. असं बोलत होती की आपल्या खलाशी काकांनाही दोन शब्द शिकायला मिळाले असते. तेव्हा मी म्हणालो, "मी हिल्केचा मुलगा. ती गेली. मी कार्डं बंद केली. चूक झाली." हे वाक्य मी रस्त्यात वाऱ्याला सतरा वेळा म्हणून पाहिलं होतं. बाईनं दार पुरतं उघडलं. मग आत घेतलं, कॉफी दिली, बिस्किटाचा डबा पुढे केला आणि रिवाजाप्रमाणे मी एकच घेतल्यावर बंद केला. मी नवऱ्याबद्दल विचारलं. ती दीड तास बोलली. निघताना तिनं डबा पुन्हा उघडला. दुसरं बिस्किट, बाउके! आणि वर पन्नास कॅलेंडरांची मागणी.

स्नेकच्या यॉर्नानं मात्र मला पुरतं सोललं. "तुमचा वाढदिवस कधी असतो?" असं मी विचारल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाला, "फेब्रुवारीत होता. तुम्ही नऊ महिने उशिरा आलात, पण बसा, कॉफी गरम आहे." गाल्टेमानं तर आधी माझ्याकडून सगळ्या कुटुंबाच्या तारखा पाठ म्हणवून घेतल्या.

तारखा आल्या तशी अकरापैकी तीन घरांत ती कार्डं गेलीच. तिघींनीही ती परत हार्लेमला धाडली, आणि काय लिहून धाडली ते मी इथं लिहीत नाही. फान ड्रील यांच्याकडे मी आईचं कॅलेंडर परत मागितलं. म्हणतात, हरवलं. पोट मात्र ठणठणीत आहे म्हणे.

नवीन मालही काढलाय. डिसेंबरनंतर तेरावं पान, गेलेल्या आपल्या माणसांसाठी. ही कल्पना मला मोपेडवर असताना सुचली. तू काही म्हणू नकोस. गोसे पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. पवनचक्क्याही परत आणल्यात. त्या नऊ बायकांना मी हातानं उत्तरं लिहिली. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

सगळी दुकानं परत येणार नाहीत. काहींनी दार उघडलं आणि सौजन्यानं लावून घेतलं. मार्चपर्यंत तग धरला तर छापखाना राहील, नाहीतर नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण चौघांपैकी कुणालाही मी काढणार नाही. गोसेची दुसरी कॉफी चालू केलीय. तो सहीचा कागद चुलीत घाल.

आता जे सांगायला बसलो ते. स्नेकला यॉर्नाची तारीख मी वहीत टिपली, तर तो आतून आपलं कॅलेंडर घेऊन आला, पेन उघडलं आणि म्हणाला, "आणि तुमचा कधी?" मला क्षणभर आठवेचना. कुणी विचारतच नाही ना. मग म्हणालो, "नऊ जानेवारी." त्यानं रेघेवर माझं नाव लिहिलं आणि नेऊन परत टांगलं. तेव्हापासून मला आत घेणाऱ्या प्रत्येक दुकानात हेच. आजपर्यंत सत्तावीस दुकानं झाली. सत्तावीस संडासांच्या भिंतींवर माझं नाव आहे.

यात हसण्यासारखं खूप आहे, ते मला कळतं. पण परतताना वारा समोरून होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते सगळंच वाऱ्यामुळे नव्हतं. आई गेल्यावर माझं नाव कुठं लिहिलेलं उरलंय का, हा विचार मी केलाच नव्हता.

तुझ्या घरी मी गेली चार वर्षं आलेलो नाही. तिथं भिंतीवर मी आहे की नाही, हे विचारायचं धाडस अजून होत नाही.

तुझा
वोबे